मडमेची खुर्ची

माझे आई,

तू गेल्यावर रडून झालं होतं माझं. लिहायला बसले ती रागानं. काल आष्टीला आपल्या घरी जुन्या फर्निचरचा व्यापारी आला होता, दादानं बोलावलेला. बाबांची खुर्ची बघायला.

त्यानं ती उलटीपालटी केली. म्हणाला, "विलायती अक्रोडाचं लाकूड हाय. ही कोरलेली द्राक्षं, हे बाकदार पाय, ही तऱ्हा इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलली. अशा खुर्च्या जोडीनं बनायच्या. हातवाली साहेबाची. ही बिनहाताची, बुटकी, मडमेची. घेरदार झगा मावला पायजे ना!"

ऐकलंस? बाईची खुर्ची, आई!

जालन्याच्या बंगल्यावर आज्जा साहेबाची चाकरी करायचा. साहेब जाताना ती देऊन गेला. गावात ज्यांच्या दारावरून आज्जा चपला हातात घेऊन जायचा, त्यांना बाबा याच खुर्चीत बसून जयभीम घालायचे. मला केवढा अभिमान वाटायचा! अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू?

पण तू का गं खाली बसायचीस? बाबा खुर्चीत, तू फरशीवर, तांदूळ निवडत. बोटाला फडकं गुंडाळून खुर्चीवरची कोरलेली द्राक्षं तूच पुसायचीस. एकदा मी चढून बसले तर पाठीत धपाटा घातलास. "उतर! बाबाची हाय ती."

गुडघे गेले, डॉक्टर म्हणाले खाली बसू नका. तेव्हा बाबांनी बाजारातून तुला प्लास्टिकचं स्टूल आणलं. आणि तू साऱ्या गल्लीला त्याचं कौतुक सांगत फिरलीस! तुझाही राग येतो मला. एकदा तरी ती खुर्ची मागायचीस.

काल बाबा काय म्हणाले माहितीये? "बायकांची हाय व्हय? मंग न्या जल्दी. मला न्हाई पायजे." जन्मभर बसले, आणि आता लाज वाटली!

मी व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं. खुर्ची टेम्पोत घालून माझ्या घरी आणली. दादा म्हणतो, आईचा फोटो ठेव तिच्यावर, हार घालून.

नाही ठेवणार. जिवंत होतीस तोवर कुणी बसवलं नाही, आता फोटो बसवून कुणाचं समाधान करायचं? शब्द देते, माझी सून आठव्या महिन्यात आहे, तीच बसेल तिथं. पाय पसरून, सासऱ्यासमोर.

तुझ्यावर रुसलेली,
वंदना