काळी न पडलेली तोरडी

गुरुवार, संध्याकाळ

सासूबाईंच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या आज डब्यातून काढल्या. एक काळीकुट्ट, दुसरी लखलखीत. वर्षभर एकाच फडक्यात होत्या, मग असं कसं? लखलखीत तीच, जी गेल्या साली धाकटी जाऊ कडी बसवायला तिरोड्याच्या सोनाराकडे घेऊन गेली होती. विचारलं तर म्हणते, "मी तं तवाच घासून आणली, दीदी. काऊन?" नजर मात्र सुपातल्या तांदळावरून हलली नाही. घासलेली खरी चांदी वर्षभर काळी पडत नाही?

काळी तोरडी सोड्याच्या गरम पाण्यात घासून पांढरी केली. आता दोन्ही सारख्याच दिसतात. तोरडी बदलल्याचा मीच उगाच संशय घेते आहे का?

जाऊने नेलेल्या तोरडीला लाल दोरा बांधून दोन्ही परत ठेवल्या. आजवर चांदीचं काळं काढत आले. आता म्हणते, देवा, ती तोरडी एकदा काळी पडू दे.