घ्या, धरा, सोडा

५ जानेवारी, सोमवार

पोहोचले एकदाची. नामपूरहून सकाळच्या पहिल्या एसटीत बसले आणि दहाच्या आत नाशिकला. सटाण्यापर्यंत खिडकीची काच बंद होत नव्हती, हात गारठून गेले, तरी मन इतकं हलकं होतं की कुणाला बंद करायला सांगितलंही नाही. सिडकोतली खोली छान आहे. खिडकी पूर्वेला. घरमालकीण मंजुषाताईंनी आल्या आल्या चहा दिला आणि गिझरचं बटण नीट समजावून सांगितलं.

हॉस्पिटल चालत पंधरा मिनिटांवर. माझ्या कार्डावर 'रुग्णसोबती' असं लिहिलं आहे. यकृताच्या विभागात ज्यांच्या यकृताचा सुईनं बारीक तुकडा काढून तपासतात, त्यांच्याशी आधी बोलायचं, त्या वेळी हात धरायचा, नंतर सहा तास लक्ष ठेवायचं. दुखणं आणि भीती या दोन गोष्टी माझ्याकडे. बाकी सगळं डॉक्टर शेखर सर आणि लता सिस्टर बघतात.

लहानपणी दम्यामुळे मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. सावळीराम काकांनी घरीच शिकवलं. रोज संध्याकाळी दिवसाचं लिहून दाखवायचं, खरं ते आणि तेवढंच, ही सवय त्यांची. म्हणून ही नवी डायरी.

७ जानेवारी, बुधवार

काम कळायला लागलं. पेशंटला मी काही लपवत नाही. आधी बधिर करायचं इंजेक्शन, ते चुरचुरतं, लाल मुंगी चावल्यासारखं. मग सुई जाते तेव्हा दुखत नाही, दाब येतो आणि टक असा आवाज होतो. आवाजाचं आधी सांगितलं की माणूस दचकत नाही. नंतर उजव्या खांद्यात कळ येऊ शकते. यकृताचं दुखणं खांद्यात कसं, असं सगळे विचारतात. मग उजव्या कुशीवर पडून राहायचं. दुखणं शून्य ते दहा बोटांनी दाखवायचं. फारच घाबरलेल्यांना सर आधी एक छोटी गोळी देतात.

सुई आत असते तो एक सेकंद यकृत हलता कामा नये, म्हणून श्वास धरावा लागतो. सर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत असतात, म्हणून शब्द मी म्हणायचे. तीनच. घ्या. धरा. सोडा.

खेड्यातल्या म्हाताऱ्यांना लता सिस्टर 'दम सोडा' म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे अमक्यानं दम सोडला म्हणजे तो गेला. काकांनी शिकवलेलं, दिवा विझवला म्हणू नये, वाढवला म्हणावं. निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. आणि आजाऱ्यापुढे 'सोड' हा शब्द उच्चारू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते.

आणखी एक. नोंदीच्या तक्त्यात श्वासाचा रकाना असतो. मी घड्याळ लावून छातीकडे बघत मोजत होते, चौदा, एकवीस, सतरा. लता सिस्टर हसल्या. "तेजू, अठरा लिही. देवानं नाशिक जिल्ह्याला सरसकट अठराच दिलेत." खरंच, जुने तक्ते पाहिले. सगळीकडे अठरा.

मी मोजूनच लिहिणार आहे.

१० जानेवारी, शनिवार

मला तोडगा सापडला. 'सोडा'च्या जागी 'झालं' म्हणते. चार पेशंटना म्हटलं, चौघांनीही आपोआप श्वास सोडला. शब्द शुभ आणि काम तेच. लता सिस्टरच्या लक्षात आलं. म्हणाल्या, तीन शब्द आहेत तर तीन म्हण, घाबरलेलं माणूस स्वतःच्या डोक्यानं चालत नाही, तुझ्या तोंडाकडे बघून चालतं. मी हो म्हटलं. पण उद्यापासून 'सोडा' म्हणेन असं काही म्हटलं नाही.

हे लिहिताना जरा लाज वाटते आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

आज संक्रांतीनंतरचा करीदिन, अशुभ, म्हणून तिघांनी तारीख पुढे ढकलली. आल्या त्या एकट्या कुसाबाई, कळवणजवळच्या. बासष्ट वर्षांच्या, बारीक, कपाळावर गोंदलेलं. बरोबर मुलगा किशोर. तो सारखी थट्टा करत होता. मायला सासूची भीती नव्हती, सापाची नव्हती, आता सुईची कुठून आली, म्हणे. कुसाबाई हसत नव्हत्या. माझ्या हाताला धरून बसल्या होत्या.

"माले भ्याव वाटस, बेटा."

आमच्या घरचीच बोली. माझ्याही तोंडून मग अहिराणीच निघाली, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. तिला सगळं समजावलं, मुंगी, दाब, टक. मग श्वासाची तालीम केली. घे म्हटलं की घे, धर म्हटलं की धर, आणि मी सांगेन तोवर धरून ठेव. तिनं दोनदा विचारलं, चूक झाली तर सुई भलतीकडे जाईल का. मी म्हटलं, मी सांगेन तसंच केलंस तर काही होणार नाही. तिनं माझा हात घट्ट दाबला.

"तू सांगशी तवयच सोडसू."

आत सगळं नीट झालं. घे. धर. टक. मी म्हटलं, झालं. सर म्हणाले, सुरेख तुकडा आला. तिला उजव्या कुशीवर वळवताना ती माझ्याकडेच बघत होती, ओठ मिटलेले. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि आमच्याकडे कुणालाही धीर देताना म्हणतात तसं म्हणाले, "दम धर, माय."

तिनं मान हलवली.

दर पंधरा मिनिटांनी नोंद. नाडी ७२. रक्तदाब चांगला. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन ९८. दुखणं? तिनं दोन बोटं दाखवली. श्वास मोजायला घड्याळ लावलं. मिनिट संपलं. मला वाटलं लक्ष चुकलं, पुन्हा लावलं. पांघरूण हलत नव्हतं. पोटावर हात ठेवला. ऊबदार होतं. हलत नव्हतं.

सिस्टरना बोलावलं. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, कुसाबाईंकडे पाहिलं, पेशंट इतका शांत कधी बघितला नाही म्हणाल्या आणि रकान्यात अठरा लिहिलं. संध्याकाळी सर आले, पोट दाबून पाहिलं, घरी जायला हरकत नाही म्हणाले. कुसाबाई उठून चालत गेली. तोंडातून शब्द नाही. किशोरभाऊ म्हणाले, चला, सुईनं एक तरी फायदा झाला.

माझ्या नोंदीत श्वासाचा रकाना तेवीस वेळा रिकामा आहे, एकदा सिस्टरचे अठरा. खोटं लिहिता येईना. खरंही लिहिता आलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

मोजण्यात चूक झाली असणार. काही जण अगदी वरवर श्वास घेतात. पुस्तकात आहे.

पण ती बोललीसुद्धा नाही. बोलायला श्वास सोडावा लागतो.

आज दोन पेशंट होते. दोघांनाही स्पष्ट 'सोडा' म्हटलं. जीभ जड झाली होती, तरी म्हटलं. दोघांनी सोडला. दोघेही ठीक आहेत. काही झालं नाही. मग इतके दिवस मी कशाला —

१९ जानेवारी, सोमवार

किशोरभाऊंना फोन केला. कामाचाच भाग आहे, तिसऱ्या दिवशी विचारपूस करायची असते, खरं तर एक दिवस उशीरच झाला. म्हणाले, मायचं बरं आहे, ताप नाही, रक्त नाही, पण तोंड उघडत नाही. पेज दिली तर मान हलवते. पाणीही नाही. मी विचारलं, चार दिवस? म्हणाले, हो ना, पण खंगत नाही, डोळे टवटवीत आहेत, गावातल्या डॉक्टरनं नाडी बघितली, उत्तम आहे म्हणाला. शेजारणी म्हणतात मौन धरलंय.

मग हसत म्हणाले, दाराकडे बघत बसते, मॅडम, कुणी काही सांगायला येणार असल्यासारखी.

दुखणं किती ते तिला विचारा, असं सांगितलं. त्यांनी विचारलं. म्हणाले, सात बोटं.

२० जानेवारी, मंगळवार

लता सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नव्या मुलींना असं होतं, पेशंट घरी घेऊन जातात डोक्यात, म्हणाल्या. दोन दिवस रजा घे म्हणाल्या. पाच दिवस कुणी श्वासाशिवाय राहतं का, तूच सांग.

डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी मला दिली. ती तशीच खोलीवर आणली.

२१ जानेवारी, बुधवार

फोनवर सांगता येईल. एक शब्द. किशोरभाऊंना म्हणायचं, फोन मायच्या कानाला लावा. नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला.

कारण ती दम धरून जिवंत आहे. मी 'सोड' म्हटलं आणि तिनं दम सोडला तर — आमच्या बोलीत दम सोडणं म्हणजे एकच. ती आमच्याच बोलीतली आहे. मी सांगेन तेव्हाच सोडायचा, असा शब्द दिलाय तिनं.

आणि नाही म्हटलं तर सात बोटं. आज आठ असतील.

२२ जानेवारी, गुरुवार

माझाच श्वास मला आठवावा लागतो आहे. लक्ष दुसरीकडे गेलं की थांबतो. मग आतून म्हणते — घे. जिन्यात तीनदा. मंजुषाताईंनी विचारलं, दमा आहे का. लहानपणी होता म्हटलं.

कुसाबाईंचा रिपोर्ट आला. यकृताला थोडी सूज, गोळ्यांनी बरी होईल. साधं दुखणं. साध्या दुखण्याची बाई.

उद्या मायलेक रिपोर्ट घ्यायला येणार आहेत. सकाळी अकराला.

२३ जानेवारी, शुक्रवार, सकाळ

ठरवलं आहे. सर समोर असताना म्हणायचं. ऑक्सिजन, इंजेक्शनं, सगळं हाताशी असताना. म्हणजे काही झालं तर — तरीसुद्धा माझ्याच तोंडून —

साडेअकरा

आल्या आहेत. आतल्या तपासणीच्या खोलीत बसवलं. माझ्याकडे बघून तिचे डोळे भरून आले. किशोरभाऊ म्हणाले, बघा, तुम्हाला बघून खूश झाली. तुम्हीच सांगा तिला काही, आमचं ऐकत नाही. ते औषधं घ्यायला खाली गेले.

लता सिस्टरनी तिच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. चेहरा पांढरा पडला त्यांचा. माझ्याकडे बघितलं नाही. सरांना आणते एवढंच म्हणून गेल्या. पळतच.

आम्ही दोघी. तिनं दोन्ही हात वर केले. दहा बोटं. आठ दिवस दुखतंय आणि कण्हता आलेलं नाही —

सर यायची वाट बघवत नाही.

डायरी हातातच — घडेल तसं लिहिते — सिस्टर आल्या की वाचतील —

"सोड, माय," म्हणाले.

सोडला. लांब. थांबेचना. त्या दिवशीच्या स्पिरिटचा वास आला त्याला. एकेक बोट मिटत गेलं. दहा, नऊ — शेवटचं मिटलं. चेहरा मोकळा झाला. मेली नाही. डोळे उघडे, माझ्याकडे. रिकामी झाली आणि थांबली. नाडी माझ्या बोटाखाली हळू — आणखी हळू — पुढचा शब्द हवा होता तिला. घाईनं म्हणाले, "घे."

काय घे ते म्हटलं नाही. किती ते म्हटलं नाही.

घेते आहे.

अजून घेते आहे. खिडकी बंद आहे, तरी पडदा तिच्याकडे गेलाय. माझी ओढणी — छातीतून काहीतरी ओढल्यासारखं — दुखत नाही, नुसता दाब —

गाल लाल झालेत तिचे. बरी दिसते.

धर म्हटलं की थांबेल. एकच शब्द. तोंड उघडलं. आवाज नाही. आवाजाला लागतो तो —

पुन्हा प्रयत्न — नाही —

पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. धर. तिच्यासमोर धरलं. ती पानाकडे बघते. माझ्याकडे बघते. अक्षर येत नाही तिला. तोंडाकडे बघते माझ्या, मी सांगायची वाट बघत, आणि तोवर घेत —

माय मी म्हणते आहे ते