बाराच्या यादीत तेरावी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

वीरधवल सरांची मुलगी माझ्या हातात आलीय!

तीनदा वाचलं हे वाक्य. खोडणार नाही. ही वही कुणी बघत नाही.

दुपारी आप्पासोंचा फोन. जिल्ह्याची मुलींची बास्केटबॉल टीम निवडायची समिती आहे ना, तिचे ते प्रमुख. मी नववीचे पेपर तपासत होते. "मॅडम, गेल्या साली लय बोंबाबोंब झाली. वशिल्याच्या पोरी घेतल्या म्हणून पालक अंगावर आले. यंदा सगळं आकड्यावर करायचं. तुम्ही गणिताच्या, त्यात खेळलेल्या. आकडे तुम्हीच ठेवायचे." बघते म्हटलं. मग बोलता बोलता म्हणाले, तुमचं नाव कोच वीरधवल सरांनीच सुचवलं. आणि हो, यंदा सरांची प्रांजल पण निवडीला आहे.

नाव सुचवलं, पण माझं काय केलं होतं ते विसरला असणार तो. सोळा वर्षं झाली. मी नाही विसरले.

९ सप्टेंबर

होकार कळवला.

१० सप्टेंबर

एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. (जाणार नाही.)

२००९. मी सतरा वर्षांची. रोज सकाळी सहाच्या एसटीनं उंब्रजहून साताऱ्याला सरावाला यायची. दोन वर्षं. ताप असला तरी आले. सरावाच्या प्रत्येक मॅचला पहिल्या पाचात मी. त्या वर्षी राज्य स्पर्धा सांगलीला होती. यादी मैदानावरच्या फळ्यावर लागली. बारा नावं. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. शेजारच्या पोरीनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं — नाहीच.

सरांकडं गेले. "सर, मी का नाही?" ते चेंडू जाळीत भरत होते. मान वर न करता म्हणाले, "मला योग्य वाटलं ते केलंय. घरी जा, पल्लवी."

योग्य वाटलं! किती पॉइंट, किती रिबाउंड — काही नाही. त्यांच्या मनाला आलं आणि माझा खेळ संपला. त्यानंतर मी चेंडूला हात लावला नाही. घरी दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे. अभ्यास कर." त्यांना तरी दुसरं काय सुचणार! फौजेतून सुट्टीवर आलेले, आठ दिवसांनी परत युनिटला निघालेले. मी गणित घेतलं. लोकांना वाटतं मला आकड्यांची आवड आहे. आवड कसली! आकड्याला 'का' विचारलं तर तो निदान उत्तर देतो.

१४ सप्टेंबर, रविवार

पहिली निवड मॅच. चोवीस पोरी. अंजना — आमच्या शाळेतली खेळाची शिक्षिका — माझ्या शेजारी बसून ओरडत होती, "सात नंबर रिबाउंड! नऊ नंबर, शॉट चुकला!" आणि मी खुणा करत होते.

प्रांजल सात नंबर. बापाचंच नाक. उंचीला बेताची. चेंडू कायम तिच्याकडं — मागून पुढं तीच आणते, कुणाला द्यायचा तीच ठरवते. सुंदर खेळते. लिहायलाच हवं. डोळ्यांनी नुसतं बघितलं असतं तर मीही पहिली तिला घेतली असती.

मॅच संपल्यावर सर टेबलापाशी आले. केस पांढरे झालेत. "कशी आहेस, पल्लवी? आई बरी आहे का?"

म्हणजे विसरला नाही! नावानिशी आठवतंय सगळं, आणि तरीही तोंड वर करून येतो. विसरला असता तर मी कदाचित सोडलं असतं.

१५ सप्टेंबर

नसतं सोडलं.

२१ सप्टेंबर, रविवार

तीन मॅच झाल्या. सर समितीला म्हणाले, "प्रांजलच्या बाबतीत मी तोंड उघडणार नाही. पल्लवीचा आकडा सांगेल ते." आप्पासोंनी त्यावर केवढं कौतुक केलं! सज्जनपणाचं नाटक. आमच्या वेळी कुठं गेला होता हा सज्जनपणा?

मी एकही खोटी खूण केलेली नाही. करणारही नाही. अंजना शेजारी असते म्हणून नव्हे. खोटं केलं तर मी त्याच्यासारखीच होईन.

२८ सप्टेंबर, रविवार

पाचवी मॅच आज सकाळी झाली. दुपारभर लॅपटॉप घेऊन बसलेय. जेवण तसंच झाकलेलं.

सूत्र असं ठरवलं होतं. प्रत्येक पोरीचे पॉइंट, रिबाउंड (शॉट चुकल्यावर पकडलेले चेंडू), ज्यावर दुसरीनं बास्केट केली असे पास, आणि समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू — हे सगळं मिळवायचं. त्यातून चुकलेले शॉट आणि टर्नओव्हर, म्हणजे हातातले फुकट घालवलेले चेंडू, वजा करायचे. मॅचमागं सरासरी काढायची. पहिल्या बारा टीममध्ये.

प्रांजल: पॉइंट नऊ, रिबाउंड चार, पास सात, हिसकावलेले तीन. तेवीस. चुकलेले शॉट पाच, टर्नओव्हर सहा. उरले बारा.

चौथा नंबर! चोवीस पोरींत चौथी. तिन्ही पोरी वर आहेत त्या सहा फुटाच्या आसपासच्या, बास्केटखाली उभ्या राहून रिबाउंड गोळा करणाऱ्या. बारक्या पोरींत हिच्या आसपास कुणी नाही.

बघत बसले त्या चारकडं. मग दिसलं. टर्नओव्हर सहा. बाकीच्यांचे दीड-दोन. साहजिक आहे, चेंडू सगळा वेळ हिच्याकडं असतो, घालवणार तर हीच. ज्या पोरीकडं चेंडूच येत नाही ती घालवेल काय!

पण टर्नओव्हर एकदाच वजा करायचा असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? चेंडू गेला म्हणजे आपली संधी गेली आणि समोरच्याला मिळाली. दीडपट करून बघितलं. प्रांजल आठवी. एक पूर्णांक नऊ पट केलं. बारावी — तिचे सहा पूर्णांक साठ, तेरावीचे सहा पूर्णांक छप्पन्न. चिवट आहे पोरगी!

दोन पट केलं.

तिचे सहा. तिच्या वरचीचे सहा पूर्णांक चार.

तेरावी.

उठून पाणी प्यायले, परत येऊन बघितलं. तेरावीच. एकही आकडा खोटा नाही.

३० सप्टेंबर

सूत्र आप्पासोंना दाखवलं. "दोन पट? असू दे की. मला त्यातलं काय कळतंय!" अंजना मात्र म्हणाली, "अगं, आधी एकदाच धरणार होतीस ना?" मी म्हटलं, नीट विचार केल्यावर दोन बरोबर वाटलं.

योग्य वाटलं ते केलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

बैठक. मी तक्ता टेबलावर ठेवला. आप्पासोंनी बोट फिरवत बारा नावं वाचली. थांबले. पान उलटून मागं काही आहे का बघितलं. "मॅडम, प्रांजल…?"

"तेरावी."

सरांनी तक्ता ओढून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते — सरळ, बेधडक. विचारा! एकदा विचारा, माझी मुलगी का नाही. उत्तर मी पाठ करून आले होते.

त्यांनी तक्ता परत ठेवला. "आकडा आहे तो आहे. यादी लावा, आप्पासो."

बस्स. एवढंच! मला तो चेहरा पडलेला बघायचा होता. पडलाच नाही. घरी येऊन दोनदा आंघोळ केली, तरी चिडचिड जाईना.

५ ऑक्टोबर

यादी लागली. मुद्दाम त्या बाजूनं गेले. प्रांजल फळ्यापुढं उभी होती. वरून खाली वाचली. खालून वर वाचली.

मी स्कूटर थांबवली नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज शाळेत आली ती. मधल्या सुट्टीत, स्टाफरूमच्या दारात. हातात माझ्या तक्त्याची प्रत, पेन्सिलनं भरलेली.

"मॅडम, पाच मिनिटं?"

बस म्हटलं. बसली नाही.

"मी सगळं करून बघितलं. टर्नओव्हर एकदा वजा केला तर मी चौथी येते. दोनदा केला तर तेरावी. मॅडम, दोनदा का?"

सतरा वर्षांची पोर! मोठमोठ्यांना दिसलं नाही ते हिला दिसलं. मी पाठ केलेलं उत्तर दिलं — चेंडू गेला की समोरची टीम दोन पॉइंट करते, म्हणून दोन.

तिनं विचार केला. "पण प्रत्येक वेळी कुठं करते?" मग तीच म्हणाली, "पण सहा जास्तच आहेत. माझं चुकतंय ते. कमी कसे करू?"

मला वाटलं होतं रडेल. नाही तर बापाला घेऊन येईल. म्हटलं, पास द्यायच्या आधी तू ज्या पोरीकडं द्यायचा तिच्याकडंच बघतेस, समोरचीला कळतं. हे खरंच सांगितलं. पाच मॅच बघून मलाच माहीत होतं.

"थँक्यू मॅडम! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पप्पांनी पण नाही."

गेली. तास सुरू झाला. दहावीला वर्गसमीकरण शिकवताना तीन वेळा चुकले.

८ ऑक्टोबर

तिला बघून पाघळायचं नाही. मला कुणी सांगितलं होतं, माझं काय चुकतंय ते?

११ ऑक्टोबर, शनिवार. सांगली

राज्य स्पर्धेची पहिलीच मॅच हरलो. बत्तीस–एकाहत्तर. बाहेर!

चेंडू पुढं आणायला कुणीच नाही. उंच पोरी बास्केटखाली हात वर करून उभ्या, आणि त्यांच्यापर्यंत चेंडू पोचेना. टर्नओव्हर एकतीस. एकेक खूण मीच केली. आप्पासो माझ्या मागं बसून पुटपुटत होते, "आवं, ती प्रांजल असती तर…" मी वळले नाही.

प्रांजल आली होती. एसटीनं, एकटी, मैत्रिणींना ओरडून साथ द्यायला. शेवटपर्यंत ओरडली. मॅच संपल्यावर मात्र प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागं जाऊन बसली आणि तिथं रडली. सर तिच्यापुढं पाण्याची बाटली घेऊन उभे. बाटलीचं टोपण उघडायचे, लावायचे. पोरीच्या डोक्यावर हात ठेवायलाही जमेना त्यांना.

तो चेहरा बघितला मी. पडलेला. पार उतरलेला. सोळा वर्षं त्याच गावासाठी, त्याच स्पर्धेसाठी थांबले होते.

बरं वाटलं का? खोटं कशाला लिहू. वाटलं. लय बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये पोरी भडंग खात होत्या, मलाही पुडा दिला. सर पुढच्या सीटवरून मागं आले. वाटलं, आता निघणार तोंडातून, माझी मुलगी का नाही. म्हणाले, "आकडे फार चांगले ठेवलेस. पुढच्या वर्षीही तूच कर."

मी पुडा शेजारच्या पोरीला देऊन टाकला.

१६ ऑक्टोबर

शाळेला सुट्टी लागली. अंजना सरळ विचारत होती, "तुझं आणि सरांचं काय आहे गं?" काही नाही म्हटलं. सांगायचं तर आहे कुणाला तरी. आपण जिंकलो आणि कुणाला माहीतच नाही — हे कसलं जिंकणं!

आईला सांगते. आईनं तेव्हा माझं रडणं बघितलंय. दिवाळीला उंब्रजला गेले की सांगते.

२१ ऑक्टोबर. उंब्रज

लक्ष्मीपूजन. घर पाहुण्यांनी भरलेलं. आई चुलीपुढून हलेना. उद्या.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आईला सगळं सांगितलं. हसत हसत सांगितलं. ती करंज्या डब्यात भरत होती, भरायची थांबली.

"त्या मास्तरनं काय केलतं गं तुझं? तुझं दादाच गेलतं साताऱ्याला त्यांच्याकडं. थोरलीचं लगीन ठरत हुतं, पावनं म्हनलं, धाकटी चड्डीवर खेळती व्हय? दादांनी हात जोडलं सरांम्होरं — नाव काढा, आन् माजं नाव सांगू नका, पोरगी माजं तोंड बघायची न्हाई."

दादा बाहेर सोप्यात बसून पेपर वाचत होते. पान उलटायचं थांबले. आत आले नाहीत.

घरामागं परड्यात जाऊन प्रांजलला फोन लावला. "मॅडम! हॅपी दिवाळी!"

म्हटलं, प्रांजल, ते दोनदा वजा केलं ना, ते फक्त तुला पाडायला केलं होतं. तू चौथीच होतीस.

तिकडचा टीव्ही तिनं बंद केला.

मग म्हणाली, "थांबा मॅडम. पप्पांना देते."