गोचिडींचं माहेर

जळगाव, १८ जुलै २०२५

चि. प्रकाश यास, अनेक आशीर्वाद वि. वि.

चातुर्मासाचे चार महिने मोबाइलला हात लावणार नाही, असा नियम मी महाराजसाहेबांसमोर घेतलाय. म्हणजे दुकानात गर्दी आहे म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवायची तुझी सोय गेली. आता कागद घे आणि लिही.

इकडे संकट उभं आहे. आपल्या कुत्र्याला, खाखऱ्याला, गोचिडी झाल्यात. कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली, हात घालावा तिथे. कामाला येणारी गुंताबाई म्हणते की बठ्ठा गोचिडस्ना बजार शे. सूनबाई प्रियल बाळंतपणाला भुसावळला माहेरी आहे, ती सप्टेंबरच्या सुरुवातीला बाळ घेऊन येईल. अखिलने मला बजावलंय, की त्या दिवशी कुत्र्याच्या अंगावर एक जरी गोचीड दिसली तर त्याची रवानगी चोपड्याला केळीच्या मळ्यात. तुझे दाजी गेले त्या दिवसापासून माझ्या पायाशी झोपणारा जीव तो. अखिलला तोंडाने हो म्हटलं, मनाने नाही.

औषध फवारायचं तर जीवहिंसा. म्हणून मी रोज दुपारी चष्मा लावून चिमट्याने एकेक गोचीड अलगद काढते, वाटीत ठेवते आणि मागच्या अंगणात जास्वंदीखाली गार सावलीत सुखरूप सोडते. सोमवारी एकेचाळीस निघाल्या, मंगळवारी चव्वेचाळीस, काल त्रेपन्न. एवढं करूनही वाढतात कशा, कळत नाही. तुझ्या काष्ठौषधीच्या दुकानात काही निर्धोक असेल तर पाठव.

रूपाला आशीर्वाद सांग. माझ्यावर तुझा लोभ आहेच, तो आता तिकीट लावून पाठवत जा.

तुझी अक्का, मोहनबाई

•

धुळे, २३ जुलै २०२५

ती. अक्काच्या चरणी प्रकाशचंदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र रूपाला वाचून दाखवत होतो. जास्वंदीपाशी आलो आणि पुढे वाचवेना. मला पाणी द्यायला उठलेली रूपा स्वतःच हसून खाली बसली.

अक्का, खाखरा दुपारी झोपतो कुठे, तेवढं बघ. जूनमध्ये मी आलो होतो तेव्हा तरी तो त्याच जास्वंदीखाली चारी पाय वर करून पडलेला असायचा. तू गोचिडी काढत नाहीस, त्यांना पाय मोकळे करायला नेतेस! हवा खाऊन त्या वेळेवर जेवायला परत.

सोबत पार्सल आहे. कडुलिंबाचा सुका पाला, भीमसेनी कापूर, आणि एका गिऱ्हाइकाने छातीठोक सांगितलेली, गळ्यात बांधायची लसणाची माळ. लसूण तुझ्या घराचा उंबरा ओलांडत नाही हे ठाऊक आहे, पण कुत्र्याने कुठे नियम घेतलाय? डॉक्टरांना मात्र आधी विचार.

हसलो म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझा प्रकाशचंद

•

जळगाव, ३ ऑगस्ट २०२५

चि. प्रकाश यास, अ. आ. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊनच मागे गेले. जास्वंदीखाली खाखरा, चारी पाय वर! आधी स्वतःची लाज वाटली, मग असं हसू आलं की कवळी सावरताना पुरेवाट झाली.

तुझ्या माळेचा वास दोन दिवस घरात होता. आज काय बेत आहे, असं अखिलने विचारलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चिमट्यात धरून जनावरांच्या सरिता डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्या म्हणाल्या, लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो आणि कापूर चाटला तर विषच. रॉकेल लावू नका, गोचीड जाळू नका, कातडीलगत धरून सरळ ओढा. ताप आला किंवा जेवण सोडलं तर त्याच दिवशी आणा. तेव्हा तुझा लसूण आणि कापूर साभार परत.

मग माझ्याच डोक्यात उजेड पडला. जीव मारायचा नाही, ही झाली अर्धी जयणा, जीव जपण्याची अर्धीच रीत. जीव पडूच नये असं घर ठेवायचं, ही उरलेली अर्धी. गव्हात किडा पडू नये म्हणून मी ऊन देते, कडुलिंबाचा पाला घालते, कणगी कोरडी ठेवते. तसं खाखऱ्याला मी गव्हात जमा केलं! त्याचं अंथरूण रोज उन्हात. जूनमध्ये तू प्रेमाने आणलेलं ते गोणपाट धुऊन दोरीवर. पाल्याच्या कोमट पाण्याने आंघोळ, मग कंगवा, मग बोटाबोटांत तपासणी. भिंतीच्या फटी बुजवल्या. अंगणातलं गवत गुंताबाईने काढलं, मी तेवढा वेळ सामायिकात डोळे मिटून बसले होते.

काढलेल्या गोचिडी साबणाच्या पाण्यात टाका, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी कानांवर हात ठेवले. लोणच्याची रिकामी बरणी घेतली, तोंडाला मलमल बांधली, आत दोन पानं. झाली गोचिडींची पांजरापोळ. अन्नावाचून त्या महिनोन्‌महिने जगतात म्हणे.

राखी सोबत आहे. ती बांधून घे आणि बहिणीची आठवण मनगटावर राहू दे.

तुझी अक्का

•

धुळे, २९ ऑगस्ट २०२५

ती. अक्काच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

मिच्छामि दुक्कडम. आधी तुझ्या बरणीतल्या तपस्विनींना माझं वंदन. आपल्याला आठ उपवासांची एक अठ्ठाई जड जाते, त्यांचं महिन्याचं मासखमण होत आलं. पारण्याला बोलवू नकोस म्हणजे झालं.

आता खरी क्षमा. जूनमध्ये खाखऱ्यासाठी आणलेलं ते गोणपाट माझ्या दुकानातलं नव्हतं. इथे दुकानाशेजारच्या प्रेमराजच्या म्हशींच्या गोठ्यातून उचललं होतं, रिकाम्या हाताने बहिणीकडे कसं जायचं म्हणून. गोचिडी त्यातूनच आल्या. हे मला तुझं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं आणि तरी मी तुला हसलो. खाखरा चोपड्याला गेला तर ते पाप माझं. प्रियल कधी येते? जीव टांगणीला लागलाय.

शिव्या दिल्यास तरी चालेल, पण पानभर दे.

तुझा अपराधी प्रकाश

•

जळगाव, ५ सप्टेंबर २०२५

चि. प्रकाश यास, अ. आ. आणि मिच्छामि दुक्कडम.

काल प्रियल आली. बाळाला आत नेण्याआधी अखिलने बॅटरी घेऊन खाखऱ्याची झडती घेतली. कान उलटे केले, बोटं फाकवली, शेपटी उचलली. अर्धा तास मी नवकार म्हणत उभी. एकही नाही! खाखरा उठला आणि पाळण्याखाली जाऊन आडवा झाला. अखिल आत गेला, खाखऱ्याची चादर आणली आणि स्वतःच्या हाताने पाळण्याखाली अंथरली. मला रडू आलं रे.

गोणपाटाचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हशीचा वास मला कळत नाही होय? पण बोलले असते तर तू दोन ओळींत माफी मागून मोकळा झाला असतास. मला तुझी पत्रं हवी होती. फोनवर दोन मिनिटांचा असलेला माझा भाऊ कागदावर अजून पानभर आहे, हे मला या दोन महिन्यांत कळलं. या कपटाबद्दल मलाही क्षमा कर.

उद्या अखिल कामानिमित्त धुळ्याला येतोय. त्याच्या हाती बरणी पाठवतेय. छत्तीस जणी आहेत. धुळ्याच्याच लेकी, माहेरी येतायत. सासरी उपाशी ठेवलं अशी तक्रार करतील, ती मनावर घेऊ नकोस आणि मलमल सोडू नकोस.

पोचल्याचं पत्र लिही. माझा नियम अजून दोन महिने आहे, आणि पुढे वाढवायचा विचार आहे.

तुझी अक्का