चाक बसत नाही

शनिवार, संध्याकाळ

ब्रेकच्या नव्या मोठ्या डिस्कवर जुनं चाक बसतच नाही. माझी जुनी स्पोर्ट्स कार कुपवाडच्या गॅरेजात जॅकवर, आणि चाक भिंतीला टेकून उभं. मेस्त्री म्हणाला, "रिंगा मोठ्या लागत्यात, सायेब." बजेट तर डिस्कमध्येच संपलं!

खरं तर पॅड आणि ब्रेक ऑइल बदलून भागलं असतं. मलाच मोठ्या डिस्कवरचे, चाकातून दिसणारे ते लाल कॅलिपर मिरवायचे होते. घरी मात्र सांगितलं, जुने ब्रेक धोक्याचे आहेत.

आज रिंगांचं सांगताना वाटलं, बायको आता भांडणार. तर शुभा म्हणाली, "अहो, ब्रेकला काटकसर नको. माझी नवी स्कूटर राहू द्या यंदा, मी जाईन एसटीनं."

आता कुठल्या तोंडाने खरं सांगू? भिंतीला टेकलेलं ते चाक डोळ्यांसमोरून हलत नाही. भांडली असती तर सुटलो असतो.