चुंबकाच्या कडेचे कोयते

२७ सप्टेंबर
ऐंशी अँपिअरच्या पुढे पंप पुन्हा डगमगला. या पंपात फिरतं काहीच नाही — पंखा नाही, झडप नाही. नळीत गॅलियमचा मिश्रधातू, खोलीतही पातळ राहणारा. त्यातून आडवी वीज सोडायची, वर-खाली चुंबक. धातू आपोआप पुढे ढकलला जातो. ऐंशीपर्यंत शांत. पुढे भोवरे, दाबाचा काटा थरथरतो. माझ्या गणितानुसार शंभरलाही स्थिर राहायला हवा.

सोमवारी, सहा तारखेला, पैसे देणारी कंपनी पाहायला येणार. शंभरला स्थिर दिसला नाही तर काम बंद, मारुंजीतली ही शेड रिकामी. प्रकल्पाचे प्रमुख निरंजन सर, त्यांनी हे हसत सांगितलं. मी हसले नाही.

३० सप्टेंबर
शेडच्या मालकीण तुळजामावशी आल्या. "उद्या खंडेनवमी हाय. तुज्या मशिनीला हळद-कुंकू लावू का?"
म्हटलं, आम्ही बौद्ध, आमच्यात हे नसतं.
"तुमच्यात नसंल. शेड तर आमची हाय?"
नळीला हात लावायचा नाही, एवढं कबूल करून घेतलं.

१ ऑक्टोबर
दुपारी हिंजवडीहून शेडवर आले. चुंबकाच्या दोन्ही टोकांना कोयते चिकटलेले. वर झेंडू.
"मी नुसते शेजारी ठेवत हुते. तिनंच वढून घेतले."
काढायला गेले तर मावशींनी हात धरला. मांडलेली हत्यारं दसऱ्यालाच उचलायची म्हणे. पूजेचं ताट पितळी होतं हे नशीब — अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि गॅलियमचा थेंब पडला असता, तर ताटाला भोक.

थांबणं परवडणारं नव्हतं. तसाच चालू केला. ऐंशी — शांत. नव्वद — शांत. शंभर — काटा जागचा हलला नाही. वायर सुटली असेल म्हणून तपासली. सुटली नव्हती.

२ ऑक्टोबर
सकाळी आईबरोबर विहारात. दुपारी शेडमध्ये. दसरा लागला म्हणून मावशींनी कोयते उचलले: डगमगला. मी परत लावले: शांत. चार वेळा तेच.

चुंबक संपतो तिथे चुंबकीय क्षेत्र एकदम तुटतं, भोवरे तिथेच जन्मतात. गणितात मी ती कड धरलीच नव्हती. लोखंडामुळे क्षेत्र हळूहळू उतरतं, उतारासारखं.

मावशींना सांगितलं, हे पूजेमुळे नाही, लोखंडामुळे.
"आन् लोखंड कशामुळं आलं?"

४ ऑक्टोबर
निमुळत्या लोखंडी पट्ट्या कापून आणल्या. कोयते परत दिले. पट्ट्यांवर शंभरला स्थिर.
निरंजन सर म्हणाले, "कोयत्यांचं सोमवारी काढू नकोस. हसतील. आपलं डिझाइन म्हण."

६ ऑक्टोबर
शंभरला शांत चालला. कंपनीच्या बाईंनी विचारलं, ही पट्टी सुचली कशी? सर छताकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं, झेंडूसकट. पट्ट्या काढून डगमगणंही दाखवलं.

बाई मोठ्याने हसल्या. मग पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. तिची मापं लिहून घेतली आणि गेल्या. सर त्यांच्या मागोमाग.

७ ऑक्टोबर
फोन नाही. खरं सांगितल्याचा पश्चात्ताप नाही.

९ ऑक्टोबर
कंपनीचं उत्तर आलं. पंप नको म्हणतात. पट्ट्या हव्यात — त्यांच्या कारखान्यात चालू असलेल्या अशाच सगळ्या पंपांना.

इतक्या पट्ट्या बनवायला शेड पुरणार नाही. शेजारचा गोठा मागायला सर स्वतः मावशींकडे गेलेत.