धुक्यात थांबले तेव्हा

वेल्स, रविवार

प्रिय उल्हास,

पोचले रे, अख्खी सायकल राइड पूर्ण करून. गुडघे शाबूत आहेत, जेवणही झालंय. तू गोळ्या वेळेवर घेतोस ना? लेकीकडून कळलं, जिना चढताना तुला धाप लागली. मला फोनवर का नाही सांगितलंस?

इथे आपल्या चँडलरच्या वाळवंटासारखं ऊन नाही. सगळं हिरवं, ओलं, अर्धवट झोपेतलं. काल घाटात इतकं धुकं उतरलं की पुढचा रस्ताच विरघळला. त्यातून मेंढ्या आल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंनी संथपणे वाहत गेल्या. मी सायकल धरून उभी होते. मेंढ्या गेल्या, तरी पाय हलेनात.

मागून एमलिन नावाचे पांढऱ्या मिशांचे काका सायकलवर आले. "सायकल बिघडली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नवरा मागून येतोय," मी बोलून गेले.

राइडसाठी आपण दोघांनी नावं नोंदवली होती, तेच डोक्यात असेल. ते बिचारे माझ्याबरोबर धुक्यात बघत थांबले. शेवटी मलाच सांगावं लागलं, "तो अ‍ॅरिझोनात आहे. त्याची बायपास झालीय."

ते हसले नाहीत. "मग त्याला यायला वेळ लागेल," म्हणाले. "तोवर सोबतीला मी चालेन का?" शेवटपर्यंत ते माझ्याबरोबर राहिले.

डॉक्टर हो म्हणाले की आपण दोघं कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत सायकलने जाऊ. दमलास तर तिथेच फुटपाथवर बसू. मला कुठेच पोचायची घाई नाही.

जपून राहा, मी निघालेच.

तुझी,
वैदेही